अर्धा मैल, आणि गाइडने विचारलेला एक प्रश्न

“विषय ठरलाय, पण प्रश्न सापडत नाही.” पीएचडी प्रवेशाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी दोघातिघांनी मला हेच लिहिलंय. माझीही पहिली दीड वर्षं यातच गेली, म्हणून आज माझंच उदाहरण देते.

माझा विषय आहे अमेरिकेतली स्टेट पार्क्स, आणि लहान मुलांना घेऊन तिथे चालायला जायची सवय कशी घडली. स्टेट पार्क म्हणजे नॅशनल पार्क नव्हे बरं का. ही राज्य सरकारांची उद्यानं. यातली बरीचशी डबा घेऊन सकाळी निघावं आणि रात्री घरी यावं इतक्या अंतरावरची. त्यांच्यावर लिहिलं कमी गेलंय, जातात मात्र सगळे.

सुरुवात केली न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटनपासून. या जागी राज्याला चक्क तुरुंग बांधायचा होता! १९१० मध्ये मेरी हॅरिमन यांनी दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर देऊ केले, अट एकच, की तुरुंगाचा बेत सोडायचा. तुरुंग टळला, उद्यान झालं. पुढे शहरातल्या मुलांची शिबिरं या परिसरात भरू लागली. १९२३ मध्ये अपालेचियन ट्रेलचा पहिला टप्पाही इथेच खुला झाला.

पण मला अडकवलं ते १९२५ सालाने. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले कीटकतज्ज्ञ फ्रँक लुट्झ यांनी याच परिसरात, टक्सिडोजवळ, एक पायवाट आखली. वाटेवर जागोजागी चिठ्ठ्या लावल्या: हे झाड कुठलं, हा किडा काय करतोय. भाषा वर्गातली नाही. सोबत चालणारा जाणकार मित्र बोट दाखवून सांगतो, तशी. शेजारी दुसरी वाट, तिच्यावर उत्तरं नाहीत, फक्त प्रश्न. पहिलीवर शिका, दुसरीवर स्वतःला तपासा. दोन्ही साधारण अर्ध्या मैलाच्या. आज जगभर ‘नेचर ट्रेल’ म्हणून जे काही दिसतं, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. दोन वर्षांनी बेअर माउंटनलाच ट्रेलसाइड म्युझियम उभं राहिलं.

आता अर्धाच मैल का? गेल्या ऑक्टोबरात मावसबहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन मी बेअर माउंटनला गेले होते. म्युझियमजवळच्या वाटेवर आम्ही अर्धा मैल चाललो असू. सव्वा तास लागला. दर दहा पावलांवर एक दगड, एक काठी, एक “मावशी, हे बघ”. मी शिखराकडे बघत होते, तो मुंग्यांकडे. सिंहगडाच्या पायथ्याशी आईने माझ्यासोबत काय सोसलं असेल, ते तेव्हा कळलं. हा सव्वा तास पुरावा म्हणून प्रबंधात लिहिता येणार नाही, हे उघड आहे. पण त्याने मला बघायला शिकवलं. लहान मुलं दप्तरात नोंदी ठेवत नाहीत. उद्यानांच्या वार्षिक अहवालांत माणसं मोजलेली असतात, मोटारी मोजलेल्या असतात, मुलं बहुतेक ‘शिबिरार्थी’ या एका आकड्यात गडप. मग वाटेची लांबी, पाटीची उंची, वाक्याचा सूर, हीच आपली साधनं. कोणासाठी आखलंय हे त्यातून वाचावं लागतं.

इतकं हाती आल्यावर मी खूश होऊन पहिलं प्रकरण लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टेट पार्कांनी मुलांना निसर्ग मिळवून दिला. गाइडनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: “कुठल्या मुलांना?”

खरं सांगते, राग आला होता. न्यूयॉर्कच्या एका उद्यानावरून मी अख्ख्या देशाबद्दल बोलले होते, हे कळायला आठवडा गेला.

मग व्हर्जिनिया वाचायला घेतलं. १५ जून १९३६ रोजी या राज्याने एकाच दिवशी सहा उद्यानं खुली केली. स्टॉंटन रिव्हर त्यांतलंच एक. १९४८ मध्ये तिथे मेसिओ मार्टिन या कृष्णवर्णीय बँकरना प्रवेश नाकारला गेला. ते कोर्टात गेले. राज्याने काय करावं? फाटक उघडण्याऐवजी १९५० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळं उद्यान काढलं, प्रिन्स एडवर्ड काउंटीत. नावातच ‘फॉर निग्रोज’ असं लिहिलेलं. शेजारीच गुडविन लेक, ते गोऱ्यांचं. १९५५ मध्ये समुद्रकाठच्या दुसऱ्या एका उद्यानाबाबत निकाल विरोधात गेला, तेव्हा सगळ्यांना आत घेण्यापेक्षा राज्याने ते उद्यानच बंद करून टाकलं.

आणि प्रिन्स एडवर्ड काउंटीचं नाव शाळांच्या इतिहासात तुम्ही कदाचित वाचलं असेल. १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं तिथल्या सरकारी शाळा बंद होत्या, कारण गोऱ्या-काळ्या मुलांना एका वर्गात बसवायचं नव्हतं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. म्हणजे तिथल्या काळ्या मुलाला त्या वर्षांत उन्हाळ्यात जायला तळं होतं, सप्टेंबरात जायला शाळा नव्हती. शाळांचा इतिहास लिहिणारे तळ्याकडे फारसे बघत नाहीत आणि उद्यानांचे अभ्यासक शाळेकडे. माझा प्रश्न मला या फटीत सापडला: निसर्गाचं ‘शिक्षण’ हा शब्द उद्यानवाले वापरत होते, तेव्हा शिकणारं मूल त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं?

तर पहिलं काम म्हणून एवढं करा. आपल्या आराखड्यातलं सर्वांत मोठं, सर्वांत आवडतं वाक्य काढा. त्यातल्या ‘लोक’, ‘स्त्रिया’, ‘मुलं’, ‘समाज’ या शब्दाखाली पेन्सिलीने ‘कुठली?’ लिहा. उत्तर एका गावापुरतं, एका दशकापुरतं आलं तरी चालेल. उलट तेच हवंय.

ती दोन तळी आता ट्विन लेक्स नावाच्या एकाच स्टेट पार्कात आहेत. येत्या मे महिन्यात तिथे जायचं आहे. भाचा विचारतोय, तिथे मुंग्या आहेत का.