पेटीवाल्याच्या शेजारची जागा

साल १९०० च्या आसपासचं. तुम्ही कळस गावाहून पहाटे निघता. वालचंदनगरच्या कारखान्याचा अजून पत्ता नाही, उजनी धरणाचं पाणी तर कुणाच्या स्वप्नातही नाही. बैलगाडी तुम्हाला दिक्सळ स्टेशनवर सोडते. तिथून आगगाडीनं पुणं, पुण्याहून मिरज, आणि १८९१ साली सुरू झालेल्या फाट्यानं मिरजेहून कोल्हापूर. अंगावर कोळशाची काजळी, पायांत मुंग्या. एवढी यातायात कशासाठी, तर एका पेटीवाल्याला ऐकायला.

त्याच काळात युरोप-अमेरिकेत पियानोवादक पॅडेरेव्स्की एकटा मंचावर बसून मोठमोठी सभागृहं भरवतो आहे. त्याच्यासाठी बेथोवेन आणि शोपॅन यांनी सगळं कागदावर लिहून ठेवलेलं. कोल्हापूरच्या दिवाणखान्यात मात्र कागद नाही. तक्क्याला टेकलेले श्रोते, पानाचं तबक, जुळत आलेले तंबोरे, आणि गवयाच्या डाव्या हाताला पेटी, म्हणजे हार्मोनियम. पुढच्या क्षणी काय गायलं जाणार, हे कधीकधी गवयालाही ठाऊक नसतं. पेटीवाल्यानं ते ऐकायचं आणि त्याच दमात बोटांतून काढायचं.

पेटीमागे बसलेला तरुण म्हणजे गोविंदराव टेंबे, जन्म ५ जून १८८१. वाद्य तो बहुतांशी आपलं आपणच शिकला आहे. पेटीला घराणं नाही, बाप नाही. पितळी सुरांचं हे यंत्र फ्रान्समध्ये जन्मलं, कलकत्त्यात त्याला हातानं हलवायचा भाता मिळाला आणि बैठकीत मांडी घालून वाजवता येऊ लागलं. जुने गवई त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसे बघतात. सारंगीची सर त्याला कुठून येणार?

तुम्ही अगदी शेजारी बसा. समोर भास्करबुवा बखले गातायत. तीन उस्तादांची तालीम पचवलेला गळा. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ते मधली सगळी वाट गळ्यानं घासत जातात. ही मींड. पेटीवर ही वाट नाहीच. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मधे काही नाही. शिवाय पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर तिचा गांधार गळ्याच्या नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा लागतो. जाणकाराच्या कानाला ते टोचतं.

आता गोविंदरावांचे हात पाहा. पहिली पट्टी उचलायच्या आत दुसरी हलकेच दबते. मधे एखादा कणसूर निसटता लागतो. डावा हात भात्यावर दम कमी-जास्त करतो. मींड निघत नाही, मींडेचा भास निघतो. आणि बुवा एखाद्या सुरावर ठाण मांडतात तेव्हा पेटी मागे सरते, जवळजवळ गप्प होते. दरबारी गवई अल्लादियाखाँसाहेब असलेल्या या गावात गोविंदरावांचे कान तयार झाले आहेत. या पेटीला शिकवतात ते गवई, आणि शिकवणी चालते ऐन मैफलीत.

आता अकरा वर्षं पुढे चला. १२ मार्च १९११, मुंबई, रिपन थिएटर. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदरावांच्या. आधीची रीत अशी, की नाटककारानंच ओळखीच्या चाली धराव्यात आणि त्यांवर पदं रचावीत. आज हे काम एका पेटीवाल्याकडे आलं आहे. विंगेत कुजबुज चालू आहे: बालगंधर्वांची लहान मुलगी आजच गेली, आणि तरी ते नायिका भामिनी उभी करणार आहेत. पडदा वर जातो. तुम्ही श्वास धरून बसता.

पदं सुरू होतात आणि थिएटर ढवळून निघतं. ख्यालाची भारदस्त चाल आहेच, पण ठुमरी, दादरा, कजरीची उत्तरेकडची लाडिक वळणंही आहेत. प्रत्येक चाल त्या त्या गळ्याच्या मापानं बेतलेली. भामिनीच्या गळ्याला जे शोभेल ते नायक धैर्यधर झालेल्या जोगळेकरांच्या अंगावर चढवलेलं नाही. गळा कुठे फुलतो, कुठे दमतो, कुठे हट्ट धरतो, हे गोविंदराव वर्षानुवर्षं शेजारी बसून ऐकत आले आहेत. साथीतली ही टेहळणी आज त्यांना चाली बांधताना कामी येते. वन्स मोअर पडत राहतात.

पुढची वर्षं तुम्ही गाडीच्या खिडकीतून पाहता. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे मिळून गंधर्व नाटक मंडळी काढतात. दोनेक वर्षांत गोविंदराव बाहेर पडतात आणि स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी करतात.

१९१६ साली बडोद्याला उतरा. सयाजीरावांच्या राज्यात पंडित भातखंड्यांच्या पुढाकारानं संगीत परिषद भरली आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म सुरांची, पेटी घडवून आणली आहे. वाद रंगतो. सूर चुकतो तर यंत्रच बदला, असं या मंडळींचं म्हणणं. गोविंदरावांच्या बोटांनी वेगळी वाट धरली होती: यंत्र आहे तसं ठेवून हात बदलायचा.

१९३२, पुन्हा कोल्हापूर. प्रभातच्या आवारात व्ही. शांताराम पहिला मराठी बोलपट करतायत, ‘अयोध्येचा राजा’. तारामती दुर्गा खोटे. हरिश्चंद्र आणि संगीतकार, दोन्ही टेंबेच. पन्नाशीतला पेटीवाला मुकुट घालून कॅमेऱ्यासमोर गातो आहे. गाणं मागून भरायची सोय अजून आलेली नाही, म्हणून वादकांना चौकटीबाहेर दडवून बसवलं आहे. तुम्हीही तिथेच दडा. खोकलात तर सगळं पुन्हा करावं लागेल.

मग १ मार्च १९४०. रेडिओ लावा. आजपासून आकाशवाणीवर पेटी बंद. प्रमुख लायोनेल फील्डन तिच्यावर नाराज, पाश्चात्त्य संगीताचे जाणकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिलेलं, रवींद्रनाथांनीही बंदीला पाठिंबा दिलेला. त्यांचे आक्षेप खोटे नाहीत; चौदा भागांचा तो काटा तुम्ही स्वतः ऐकला आहे. पण पेटीची उणीव काय, हे आयुष्यभर पट्ट्यांशी झुंजलेल्या माणसाला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. आदल्याच वर्षी गोविंदरावांचं ‘माझा संगीत व्यासंग’ छापून आलं आहे. एका पेटीवाल्याचं हे आत्मकथन. गवई कसे ऐकले, याची साक्ष.

९ ऑक्टोबर १९५५ ला गोविंदराव गेले, तेव्हा ही बंदी कायम होती. साथीपुरती ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदीच्या तीसेक वर्षांत मैफलींनी, नाटकांनी आणि देवळातल्या भजनांनी रेडिओला विचारलं नाही; पेटी वाजतच राहिली. पुढे गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांनी तिला ऐटीत मिरवलं.

आता तुम्ही आजच्या काळात आहात. यापुढे कधी मैफलीला गेलात, तर दाद देण्याआधी थोडा वेळ नजर पेटीवाल्यावर ठेवा. तो तान किती झटपट उचलतो, हे कुणालाही दिसतं. गवई मींडेत शिरल्यावर तो काय वाजवायचं टाळतो, ते पाहा. त्याची खरी परीक्षा तिथे असते.