वाफेच्या इंजिनात कुणाचा पैसा होता?

शाळेत आपल्याला जेम्स वॅट शिकवला. किटली, वाफ, थडथडणारं झाकण. त्या इंजिनाला भांडवल कुठून आलं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

वॅटचा भागीदार होता बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन. बाप बटणं, बकलं असा किरकोळ धातूचा माल बनवायचा. बोल्टनने 1749 मध्ये पैसेवाल्या रॉबिन्सन घराण्यातल्या मेरीशी लग्न केलं. ती 1759 मध्ये वारली आणि पुढच्याच वर्षी त्याने तिची सख्खी बहीण अ‍ॅन हिच्याशी केलं. मेव्हणीशी लग्न तिकडच्या चर्चच्या नियमात बसत नव्हतं. (आपल्याकडे उलट 'पोरांना मावशीच आई झाली' म्हणाले असते.) पुढे अ‍ॅनचा भाऊही गेला, माहेरची इस्टेट तिच्याकडे आली. म्हणजे बोल्टनकडे आली. सोहोचा कारखाना उभा करताना मोठा आधार होता तो या पैशाचा. वॅटशी भागीदारी झाली ती नंतर, 1775 मध्ये.

'तिच्याकडे म्हणजे त्याच्याकडे' हे मी गमतीने म्हणत नाहीये, तो कायदाच होता. लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, पुढची कमाईसुद्धा नवऱ्याची. जमिनीचं उत्पन्नही तोच घेणार. कॅरोलिन नॉर्टन ही लेखिका नवऱ्यापासून वेगळी राहत होती, तरी तिच्या पुस्तकांच्या पैशावर कायद्याने हक्क त्याचाच.

मग पोरीचे बाप काय करायचे? पैसा ट्रस्टमध्ये टाकायचे. पण यात काळजी फक्त पोरीची नव्हती. तेव्हा भागीदारीतल्या कर्जाला मर्यादा नसे. धंदा बुडाला की घरातला पलंगसुद्धा लिलावात. मर्यादित जबाबदारीचा कायदा आला 1855 मध्ये. तोपर्यंत बायकोच्या नावचा ट्रस्ट ही सावकारापासून पैसा वाचवायची तिजोरी होती. विश्वस्त कोण, तर भाऊ नाहीतर काका. ते हाच पैसा पुष्कळदा घरच्याच धंद्याला कर्जाऊ देत. तिच्या हातात व्याज, तेही वेळेवर आलं तर.

1870 आणि 1882 च्या कायद्यांनी इंग्लंडमधल्या बायकांना स्वतःची मालमत्ता मिळाली. मधल्या काळात, 1874 मध्ये, इंग्रजांनी इथेही विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. हिंदू, मुसलमान त्यातून वगळलेले. पण विम्याचं कलम 6 तेवढं पुढे मद्रासेत 1913 अखेर आणि बाकी ठिकाणी 1923 पासून आपल्यालाही लागू झालं.

ते अजून चालू आहे. धंदेवाल्या गिऱ्हाइकाला विमा एजंट सांगतो ना, "एमडब्ल्यूपीखाली घ्या साहेब, बँक हात लावू शकत नाही," ते हेच कलम. सांगतो मात्र साहेबांना. वहिनी तेव्हा आत चहा टाकत असतात.

तुमच्या घरात अशी पॉलिसी असेल तर विश्वस्त म्हणून नाव कुणाचं आहे, जरा कपाटातून काढून बघा आणि इथे लिहा.