अ घोस्ट इन द थ्रोट

आयरिश कवयित्री डिरिन नी ग्रीफा (जन्म १९८१) यांचे इंग्रजी गद्यपुस्तक. डब्लिनच्या ट्रॅम्प प्रेसने ते २०२० मध्ये काढले. चरित्रग्रंथांसाठीचा जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार त्याला मिळाला. लेकरांना पाजता-निजवता एका आईने अडीचशे वर्षांपूर्वीच्या कवयित्रीचा काढलेला हा माग. त्यातली आठवण आणि संशोधन वेगळी करता येत नाहीत. पुस्तकाचे बळ तेच.

ती कवयित्री आयलीन दुव नी खोनिल. तिचा नवरा आर्ट ओ'लिअरी ऑस्ट्रियाच्या सैन्यात कप्तान होता. कॅथलिकाने पाच पौंडांहून महाग घोडा बाळगू नये, असा त्या काळी आयर्लंडात कायदा. आर्टच्या घोडीवरून कॉर्कच्या एका माजी शेरीफाशी वैर पेटले आणि ४ मे १७७३ रोजी तो गोळीला बळी पडला. आयलीनचे विलापकाव्य सांगते, की घोडी एकटीच दारात आली. आयलीन तिच्यावर मांड टाकून गेली आणि नवऱ्याचे रक्त ओंजळीने प्यायली. तेव्हा ती गरोदर होती. तिचा विलाप बायांच्या तोंडी राहिला. सुमारे १८०० मध्ये, मयतावर गाणाऱ्या नोरी सिंगलटन या बाईकडून तो कागदावर आला.

पांढुर्णा-सौसरकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. मयताच्या घरी हेल काढून रडणारी म्हातारी गेलेल्याचे अख्खे आयुष्य त्या रडण्यातच सांगते.

नी ग्रीफा यांचा शोध घरकामाच्या फटींत चालतो. दूधपेढीला देण्यासाठी दूध काढताना मांडीवर तेच काव्य उघडे. बाळ गाडीत झोपले, की पुन्हा तेच. चौथे लेकरू, मुलगी, दिवस भरण्याआधी जन्मते. त्या दिवसांची पाने वाचताना घशात आवंढा येतो. दप्तरांत मात्र पुरुषच भेटतात. आयलीनची ओळख तिथे पुढारी डॅनियल ओ'कॉनेल यांची आत्या एवढीच. तिची कबर सापडत नाही. पुस्तकाअखेरी नी ग्रीफा यांनी स्वतः केलेला संपूर्ण विलापाचा अनुवाद आहे.

मराठीत आठवतात त्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती छापली गेली, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या.