कुर्बान नावाचा देव

‘कुर्बान’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. अरबीतून फारसीमार्गे तो आपल्याकडे आला, तसाच तातारांमार्फत तो कामा नदीच्या परिसरातल्या उद्मुर्त लोकांकडेही पोचला. तिथेही त्याचा अर्थ बळी, एवढाच. रशियन साम्राज्यातल्या एका आरोपपत्राने मात्र या शब्दाचा देव केला, आणि त्या देवाला माणसाचे रक्त लागते असे न्यायालयात मांडले.

उद्मुर्तांची भाषा कोमीची सख्खी, फिनिश-हंगेरियनची दूरची बहीण. रशियन लोक त्यांना तेव्हा ‘वोत्याक’ म्हणत. कागदोपत्री बहुतेक जण ख्रिस्ती झालेले. पण कुआला नावाच्या लाकडी देवघरात कुळाच्या रक्षकाची, वोर्शुदाची, पूजा चालूच होती. ‘लुद’ या राखीव वनात पशुबळी दिला जाई. लुदला मी बिनदिक्कत देवराई म्हणेन.

मे १८९२मध्ये व्यात्का प्रांतातल्या जुन्या मुलतान गावाजवळ (पंजाबातले मुलतान वेगळे) कोनोन मात्यूनिन या भिकाऱ्याचे शिर नसलेले प्रेत सापडले. नरबळीचा आळ गावातल्या उद्मुर्त शेतकऱ्यांवर आला. १८९४मध्ये मालमिझ इथे सात जण दोषी ठरले. सिनेटने निकाल रद्द केला. १८९५मध्ये येलाबुगा इथे पुन्हा तेच सात दोषी!

येलाबुगाच्या सुनावणीत दोन अभ्यासक समोरासमोर होते. इव्हान स्मिर्नोव्ह कझान विद्यापीठाचे प्राध्यापक. ‘वोत्याक’ या १८९०च्या ग्रंथाचे लेखक. लोककथांतल्या नरबळीच्या खुणांवरून ती प्रथा अजून उरली असावी, असा त्यांचा तर्क. बचावाकडून ग्रिगोरी वेरेश्चागिन. उद्मुर्तांचे पहिले लेखक मानले जाणारे, त्या लोकांत राहून आयुष्यभर नोंदी करणारे. त्यांचे म्हणणे ज्यूरीला पटले नाही.

स्मिर्नोव्ह लबाड होते असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला अधिक अस्वस्थ करते. शिवलीलामृतातली चिलया बाळाची कथा ऐकून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसले गेले. ती कथा पुरावा धरून कोणी एखाद्या मराठी गावाला खुनी ठरवले असते तर? कथेत जे घडते ते अंगणातही घडते, हे गृहीतक परक्या समाजाबद्दल फार सहज पचते.

लेखक व्लादिमिर कोरोलेंको येलाबुगाला हजर होते. त्यांनी साथीदारांसह कामकाजाची जवळजवळ शब्दशः टिपणे घेऊन छापली. निकाल पुन्हा रद्द झाला. १८९६मध्ये मामादिश इथल्या तिसऱ्या खटल्यात ते स्वतः बचावाला उभे राहिले. घरी धाकटी मुलगी आजारी होती. त्याच दिवसांत ती गेली. सारे आरोपी निर्दोष सुटले.

जुने मुलतान आता त्या नावाने नकाशावर नाही. गावाला कोरोलेंकोंचे नाव दिले आहे. वेरेश्चागिन १९३०मध्ये वारले. त्यांचे समग्र लेखन इझेव्स्कमध्ये छापायला सुरुवात व्हायला १९९०चे दशक उजाडावे लागले.