कणकुंबी-भीमगड : पाणलोटावरचा विरळ मुलूख

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर दाट अरण्याचा एक पट्टा आहे. जांबोटी मागे टाकून चोर्ला घाटाकडे निघाले की शेते तुटक होत जातात आणि गावांची जागा वाड्या घेतात. कणकुंबी, आमगाव, देगाव, गवाळी, पास्टोली, तळेवाडी ही येथली नावे. लोकवस्ती थोडी, पाऊस मात्र अपार. २०१० साली आमगावात दहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. माणसे मोजकी आणि पाणी अमाप, या विषमतेतच या मुलखाचा इतिहास दडलेला आहे.

भूगोलाची खरी किमया कणकुंबीच्या परिसरात पाहावयास मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवरील या गावी मलप्रभेचा उगम होतो. ती पूर्ववाहिनी होऊन सुमारे ३०० किलोमीटरांच्या प्रवासानंतर कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. याच गावाजवळून निघणारा कळसा नाला मात्र पश्चिमेकडे वळून म्हादईला मिळतो. म्हादईचा उगम भीमगडच्या रानात देगावनजीक असून, गोव्यात शिरल्यावर पुढे तीच मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्रास भेटते. एकाच माथ्यावर पडलेल्या सरीचे दोन थेंब दोन समुद्रांचे वाटेकरी व्हावेत, असे हे ठिकाण आहे.

जेथे पाणी दुभंगते, तेथे सत्तांच्या सीमाही येऊन थांबल्या. परंपरेने शिवकालाशी जोडला जाणारा भीमगड याच अरण्यात उभा आहे. ताशीव कड्यांचा हा दुर्ग गोव्याच्या वाटांवर नजर ठेवण्यास सोयीचा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटाखालची सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली आणि घाटमाथ्यावर पुढे इंग्रजी अंमल आला. अशा रीतीने हे रान दोन युरोपीय सत्तांच्या मधले कुंपण बनले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ही सीमा परकीयच राहिली. तत्पूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्यातील शेजारचा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. वाड्यांतली बोली मराठी राहिली. कागदांची भाषा बदलली. यांपैकी कोणताही निर्णय या रानात झाला नाही.

येथील रहिवाशांचे जीवन भात, नाचणी आणि रानातील वेचणी यांवर चालत आले. गवळी-धनगरांच्या म्हशी याच डोंगरउतारांवर चरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी जंगलखात्याने कुमरी शेतीवर निर्बंध आणले आणि रानावरचा पिढीजात हक्क हळूहळू परवान्याचा विषय झाला. पावसाळ्यात ओढे फुगले की लाकडी साकव हाच काय तो आधार. रुग्णास डोलीत घालून रस्त्यापर्यंत वाहून नेणे हा येथला जुना परिपाठ.

जगाने या रानाची दखल प्रथम घेतली ती एका वटवाघुळामुळे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत सापडलेली, रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ही जात १९१३ साली शास्त्रज्ञांपुढे आली. पुढे अनेक दशके तिचे ज्ञात वसतिस्थान हेच एक होते. मेघालय व कंबोडियातील तिच्या नोंदी फार उशिरा झाल्या. २०११ साली सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यानंतर अरण्यातील गावांच्या स्थलांतराचा प्रश्न पुढे आला आणि २०२५ साली तळेवाडीच्या कुटुंबांना पुनर्वसनाचे साहाय्य देण्यास प्रारंभ झाला. रस्ता, वीज, दवाखाना यांची वाट पाहून थकलेल्यांस हा मार्ग मोकळा वाटतो. पण देवस्थान आणि पूर्वजांची जागा सोडणे सर्वांनाच सोपे नाही.

पाण्याचा वाद तर याहून मोठा. हुबळी-धारवाडची तहान भागविण्यासाठी कळसा व बंडुरी नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळविण्याची योजना कर्नाटकाने आखली आणि कणकुंबीजवळ कालव्याचे खोदकामही झाले. मांडवी आटेल व खाडीचे खारे पाणी वर चढेल, या भीतीने गोव्याने त्यास विरोध केला. २०१० साली नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात वळविण्यासाठी कळशाचे १.७२ आणि बंडुरीचे २.१८ मिळून ३.९ टीएमसी पाणी मंजूर झाले. २७ फेब्रुवारी २०२० रोजी निवाडा राजपत्रात आला, तरी वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाच. तहान खरी आहे आणि भीतीही खरी आहे. तथापि आकड्यांच्या या वाटपात उगमाजवळच्या वाड्यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

विरळ वस्तीचा प्रदेश म्हणजे इतिहासशून्य प्रदेश, असा समज रूढ आहे. कणकुंबी-भीमगडचा मुलूख तो खोटा ठरवितो. ज्यांच्यापाशी संख्या नाही, त्यांच्यापाशी स्मृती असते: ओढ्यांची नावे, देवराईंचे नियम, जुन्या घाटवाटांचे दुवे. गावे उठली की हे धन सर्वांत आधी हरवते. ते वेळीच टिपून ठेवणे हे सीमाभागातील ग्रंथालयांचे सहज कर्तव्य होय. नद्यांचे पाणी कोणीकडेही वळो, तिच्या उगमाशी कोण राहत होते याची नोंद तरी त्यांच्या कपाटांत असावयास हवी.