नाझिया, बिद्दू आणि 'कुर्बानी'नंतरचा डिस्को

मुसलमान आणि संगीत हा विषय निघाला की आपली गाडी खयाल, कव्वाली, गझल या तीन स्टेशनांवर थांबते आणि परत फिरते. अमीर खुसरोंपासून बडे गुलाम अली खाँपर्यंतची नावं तोंडपाठ असतात. त्या यादीत नाझिया हसनचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलेलं नाही. डिस्को म्हणजे हलकं, उसनं, पाश्चात्त्य. त्याचा कसला इतिहास, असा एकंदर सूर असतो. मला तो मान्य नाही.

नाझियाचा जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५चा. बालपण कराची आणि लंडनमध्ये गेलं. पाकिस्तान टीव्हीवर सोहेल राणा यांच्या मुलांच्या कार्यक्रमात ती गायची. पुढे लंडनमध्ये झीनत अमानमुळे फिरोज खानशी गाठ पडली आणि त्यांनी या शाळकरी मुलीला बिद्दूपुढे उभं केलं. 'कुर्बानी'चं (१९८०) बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं. 'आप जैसा कोई' एवढं एकच गाणं बिद्दूचं.

हा बिद्दू कोण, ते नीट पाहिलं पाहिजे. बंगळुरूत वाढलेला, तिथल्या 'ट्रोजन्स' नावाच्या बँडमध्ये गाणारा मुलगा साठच्या दशकात लंडन गाठतो. १९७४ साली तो कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' करतो, तेही तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, उरलेल्या वेळात. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर जातं. १९७६मध्ये टीना चार्ल्सचं गाणं पुन्हा ब्रिटनमध्ये पहिलं. म्हणजे डिस्को जिथे घडत होता त्या कारखान्यातलाच हा कारागीर होता. त्याला नक्कल करायची गरजच नव्हती. तिकडे म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडरने १९७७ साली डॉना समरचं 'आय फील लव्ह' जवळजवळ पूर्ण सिंथेसायझरवर उभं केलं होतं. नाचाचं गाणं यंत्राच्या ठोक्यावर चालू शकतं हे त्या गाण्याने सिद्ध केलं, आणि ते वारं लंडनच्या स्टुडिओंतही शिरलं.

आता नाझियाचा आवाज. कोवळा, किंचित नाकातला, हरकती-मुरक्या जवळजवळ नाहीत. लता-आशांच्या मोजपट्टीने तो नापासच झाला असता. बिद्दूने तो आवाज सजवला नाही, झाकलाही नाही. आवाजावर आवाज चढवला, खाली ठेका पक्का ठेवला आणि मधली जागा मोकळी सोडली. हिंदी सिनेमातल्या भरगच्च वाद्यमेळाची सवय झालेल्या कानाला ती मोकळी जागाच नवी होती. वर स्वच्छ, बोलल्यासारखं उर्दू. १९८१ साली फिल्मफेअरने या मुलीला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका ठरवलं.

त्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आला. पाठीशी सिनेमा नाही, पडद्यावर नायिका नाही. आपल्याकडे सिनेमाबाहेर खपायची ती गझल, भजनं, कव्वाली. तरुणांसाठीचा पॉप अल्बम इतका चालतो हे या कॅसेटने दाखवलं. यातली बरीच कामगिरी तिचा भाऊ झोहेबची, हे लोक विसरतात. चाली करण्यात तो बिद्दूच्या बरोबरीने होता, गातही होता. 'स्टार' (१९८२) हा सिनेमा पडला, 'बूम बूम' मात्र राहिलं. १९८४च्या 'यंग तरंग'बरोबर व्हिडिओही आले.

हे सगळं झिया-उल-हक यांच्या राजवटीत चाललं होतं. टीव्हीवरच्या निवेदिकांनी डोकं झाकावं असा दंडक होता, आणि घराघरांत मात्र नाझियाची कॅसेट वाजत होती. गाणं हलाल की हराम हा वाद आपल्या मोहल्ल्यांतही जुना आहे, आलिमांमध्येही त्यावर एकमत नाही. पण झियांची बंधनं मला धर्मापेक्षा खुर्चीची गरज वाटतात. ते गेल्यावर १९८९मध्ये शोएब मन्सूर यांचा 'म्युझिक ८९' पाकिस्तान टीव्हीवर आला, सूत्रसंचालनाला नाझिया आणि झोहेब. बँडच्या गाण्यांची पाकिस्तानातली पुढची पिढी याच वाटेने पडद्यावर आली.

गाणं हा तिचा पूर्णवेळ धंदा कधीच नव्हता. तिने कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत उतरली. शेवटचा अल्बम 'कॅमेरा कॅमेरा' १९९२चा. बिद्दूने तोच धडा घेऊन १९९५ साली अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' केला.

१३ ऑगस्ट २००० रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने नाझिया लंडनमध्ये वारली. वय ३५. दफन तिथेच, हेंडनच्या कब्रस्तानात. २०१२च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने' पुन्हा आलं, तिच्या मूळ आवाजासकट. माझ्या भाचीला ते त्याच वर्षीचं गाणं वाटलं होतं.