ज्युपिटर एस : एका उपेक्षित यंत्राची कैफियत

इ. स. १९८२ च्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंडमध्यें एक लहानसा संगणक विक्रीस आला. पांढऱ्या प्लॅस्टिकचें पातळ कवच, त्यावर रबराच्या काळ्या कळा, आणि किंमत ८९ पौंड ९५ पेन्स. त्याचें नांव 'ज्युपिटर एस'. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' बाजारांत आणला होता. सोळा किलोबाइट स्मृतीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांस मिळे, अठ्ठेचाळीसचा १७५ पौंडांस. शिवाय त्याच्या चित्रांत रंग होते. पुढें स्पेक्ट्रम लाखांनीं खपला. एसचें नांव मात्र आज मोजक्या हौशी लोकांखेरीज कोणास ठाऊक नाहीं.

यांतील मौज अशी कीं, हे दोन्ही संगणक एकाच घरचे म्हणावयास हरकत नाहीं. एस घडविणारे रिचर्ड आल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स हे दोघे आधीं स्पेक्ट्रमच्याच कामावर होते. आल्टवॉसर यांनीं त्याच्या विद्युद्रचनेंत भाग घेतला होता, व्हिकर्स यांनीं त्यांतील बेसिक भाषेचें बरेंचसें काम केलें होतें. स्पेक्ट्रम लोकांच्या हातीं पडतो न पडतो तोंच हे दोघे बाहेर पडले आणि केंब्रिजच्या परिसरांतच त्यांनीं 'ज्युपिटर कँटॅब' ही कंपनी काढली. ज्यानें बेसिक रचिली त्यानेंच आपल्या यंत्रांतून ती हद्दपार करावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्या काळीं घरगुती संगणक म्हणजे बेसिक, असें समीकरणच झालें होतें. एसमध्यें मात्र 'फोर्थ' होती. ही भाषा अमेरिकेंतील चार्ल्स मूर यांनीं निर्माण केली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं किट पीक येथील रेडिओ-दुर्बीण चालविण्यास ती वापरली गेली. दुर्बिणीच्या संगणकांत जागा थोडी आणि काम तांतडीचें. भाषेचा काटकपणा त्यांतूनच आला.

बेसिक आज्ञावलि चालवितांना यंत्र तिची प्रत्येक ओळ वाचतें, तिचा अर्थ लावतें आणि मग ती पाळतें. तीच ओळ हजार वेळां आली, तर हजार वेळां तिचा अर्थ लावला जातो. एखाद्या दुभाष्यानें तेंच वाक्य पुनःपुन्हां नव्यानें भाषांतरित करावें तसें. फोर्थमध्यें शब्दाची व्याख्या एकदां स्वीकारली कीं तिच्या पोटांतील शब्दांचे पत्तेच स्मृतींत मांडले जातात. नंतर अर्थ लावण्याची यातायात उरत नाहीं. त्यामुळें साध्या कामांत एस आपल्या प्रतिस्पर्ध्यांना कित्येक पटींनीं मागें टाकी.

या भाषेंत अंक एकावर एक ताटांच्या चळतीसारखे ठेवले जातात आणि क्रियेचें चिन्ह शेवटीं येतें. 'दोन अधिक तीन' असें न लिहितां '२ ३ +' असें लिहावें लागे. इंग्रज मुलांना हें उफराटें वाटलें. मराठी माणसाला वाटूं नये. 'दोन आणि तीन मिळव' असेंच आपण बोलतों, आणि आपलें क्रियापद वाक्याच्या शेपटालाच असतें! वर्ग काढण्याचा नवा शब्द हवा असेल तर ': वर्ग डुप * ;' एवढेंच पुरें. 'डुप' वरच्या अंकाची दुसरी प्रत करतो, गुणाकाराचें चिन्ह त्या दोन्ही प्रती गुणतें. मग '५ वर्ग .' असें म्हणतांच २५ उमटतात. असा शब्द यंत्राच्या शब्दकोशांत दाखल होई आणि त्यावरून पुढचे शब्द रचतां येत.

व्हिकर्स यांची खरी करामत मात्र वेगळीच होती. इतर संगणकांवरील फोर्थ आपला मूळ मजकूर चकतीवर जपून ठेवी. गरिबाच्या घरीं चकती कोठली, तेथें साधा कॅसेट-रेकॉर्डर. म्हणून एसनें मूळ मजकूर ठेवावयाचाच नाहीं. स्मृतींतील पत्त्यांवरून तो हवा तेव्हां पुन्हां उलगडून पडद्यावर दाखवावयाचा, दुरुस्त करूं द्यावयाचा, आणि जुन्या व्याख्येच्या जागीं नवी बसवावयाची. अवघ्या आठ किलोबाइटच्या स्थायी स्मृतींत हें सारें, शिवाय अपूर्णांकांचें गणित, त्यांनीं बसविलें.

एवढे गुण असूनहि गिऱ्हाईक कां वळलें नाहीं? दोष सगळा फोर्थच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. एसची चल स्मृति तीन किलोबाइटच होती, आणि त्यांतील दोन पडद्याच्या व अक्षरांच्या कामीं जात. चालकाच्या वांट्याला उरे जेमतेम एक. फोर्थ थोड्या जागेंत मावते हें खरें, पण त्या सबबीवर इतका कंजूषपणा करावयास नको होता. चित्र कृष्णधवल, आणि कवच इतकें तकलुपी कीं हातांत घेतांच स्वस्ताईची जाणीव व्हावी. अधिक पैसे टाकून रंगीत स्पेक्ट्रम मिळत असतां बापानें मुलासाठीं हें कां घ्यावें?

आणि मुलाचें काय? शेजारच्या मुलाकडे बेसिक, मासिकांतून छापून येणाऱ्या आज्ञावलि बेसिकमध्यें, दुकानांतील खेळांच्या कॅसेटी स्पेक्ट्रमच्या. एसवाल्या मुलाला देवघेव करावयास सोबतीच नसे. उत्तम पण दुसऱ्या कोणास न येणारी भाषा शिकून बाजारांत जाण्यासारखीच त्याची गत होती. व्हिकर्स यांनीं लिहिलेली माहितीपुस्तिका हाच त्याचा एक विश्वासू सोबती. ती आजहि वाचनीय वाटते.

ज्युपिटर कँटॅब १९८३ सालींच बुडाली. उरलेला माल आणि नांव 'बोल्डफील्ड कॉम्प्युटिंग' या कंपनीनें विकत घेतलें व १९८४ सालीं तो माल विक्रीस काढला. सिंक्लेअर यांचा संगणकाचा धंदाहि १९८६ सालीं अ‍ॅम्स्ट्रॅडच्या हातीं गेला, पण तोंवर स्पेक्ट्रम घरोघरीं पोंचलेला होता. फोर्थनें मात्र दुर्बिणीपासून सुरू केलेली आकाशाची वाट सोडली नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत 'फायली' हें यान एका धूमकेतूवर उतरलें, तेव्हां त्याच्या पोटांत फोर्थसाठींच घडविलेले प्रोसेसर काम करीत होते.